कारवीचा अभ्यास: फुलण्याआधी काय करावं, फुलल्यावर काय टिकवावं

सह्याद्रीच्या रानात झाडांच्या सावलीत दाट माजणारी कारवी (स्ट्रोबिलॅन्थस कॅलोसा) सात वर्षं वाढते, आठव्या पावसाळ्यात एकदाच फुलते, बी धरते आणि मरते. कासच्या उघड्या सड्यावरची (कातळाच्या पठारावरची) टोपली कारवी वेगळी, तिच्या नोंदी यात मिसळू नयेत. आम्ही फुलोऱ्याच्या आदल्या वर्षीच कामाला लागलो, आणि तेच बरं झालं. फुलं आल्यावर मोजणीची चौकट (नोंदी घेण्यासाठी आखलेला जमिनीचा ठरावीक तुकडा) आखायला गेलं की हमखास सर्वांत देखणा पट्टा निवडला जातो, आकडे फुगतात.

वर्ष ठरवताना दुसऱ्या डोंगरावर विसंबू नये. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात 2008 आणि 2016 साली बहर आला, पण दुसरीकडची कारवी वेगळ्या साली फुलते. कुडासाठी (घराच्या काटक्यांच्या भिंतींसाठी) कारवी तोडणाऱ्या पाड्यातल्या माणसांना विचारावं, त्यांना साल आठवतं. अभयारण्यात मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. अर्जात बोंडं आणि बी गोळा करण्याचा उल्लेख आधीच घालावा, नाहीतर नेमक्या वेळी हात बांधले जातात.

चौकटी 2 × 2 मीटरच्या घेतल्या. याहून मोठ्या चौकटीत दाट कारवी न तुडवता मधली खोडं मोजताच येत नाहीत. कोपऱ्यांना लोखंडी गज ठोकले आणि जवळच्या मोठ्या झाडापासून टेप व होकायंत्राने अंतर-दिशा लिहून ठेवली. पानांच्या छताखाली जीपीएस काही मीटर चुकतो, तेवढ्यात 2 मीटरची चौकट हरवते. खुणेला ॲल्युमिनियमची पट्टी सैल तारेने बांधावी: घट्ट तार खोडात रुतते, प्लास्टिक वणव्यात वितळतं. खोडाची जाडी जमिनीपासून 10 सेंटीमीटरवर, उताराच्या वरच्या बाजूने मोजून, व्हर्नियरने (जाडी बारकाईने मोजायच्या पट्टीने) घेतली.

परागीभवनासाठी तीन गट केले: उघडी फुलं, पिशवीतली फुलं आणि पिशवीत हाताने पराग लावलेली फुलं. मलमलीच्या पिशव्या श्रावणात भिजून कळ्यांना बुरशी आणतात, बारीक नायलॉन जाळी चालते. फुलांवर येणाऱ्या आग्या आणि सातेरी मधमाश्यांची मोजणी उघडीप असेल तेव्हाच करावी, आणि पावसाने वाया गेलेल्या वेळा 'शून्य' म्हणून नव्हे तर 'मोजणी नाही' अशा लिहाव्यात. या एका गल्लतीने सगळा निष्कर्ष फिरतो.

खरं नुकसान फुलोरा सरल्यावर होतं, कारण तेव्हा लोक निघून जातात. सुकलेली बोंडं उन्हाळाभर झुडपावरच राहतात आणि ओल लागताच तडकून बी दूर उडवतात. म्हणून वळवाच्या आधीच जाळीच्या पिशव्या चढवाव्या लागतात. एखादी सर आधी पडली की बी गेलंच. मुख्य बहराच्या सालाआधी किंवा नंतर फुललेली झुडपं नोंदवहीत वेगळ्या रकान्यात ठेवावीत.

रोपं इतकी दाट येतात की पूर्ण चौकट मोजणं व्यर्थ आहे. कोपऱ्यातल्या 25 × 25 सेंटीमीटरच्या ठरलेल्या तुकड्यांत पावसाच्या सुरुवातीला, पावसाळा संपताना आणि पुढच्या वर्षी पुन्हा मोजावं. पहिली मोजणी लांबली, तर सुरुवातीला किती रोपं मेली ते कधीच कळत नाही.