सात अक्षरांच्या गाड्या

बोस्नियाची राजधानी सारायेव्हो. तिथल्या दोब्रिन्या भागात ट्रॉलीबस थांबली, सगळे उतरले, म्हणून मीही उतरले. पुढचा बस स्टँड दोन-तीन मिनिटांवर, पण तो दुसऱ्या सारायेव्होत, म्हणजे 'पूर्व सारायेव्हो'त. मधे हद्द लागते असं ऐकलं होतं, म्हणून पासपोर्ट हातात धरून चालत होते. ना चौकी, ना अडसर, ना पोलीस. इमारतींमधून जाता जाता पाट्या रोमनच्या सिरिलिक, म्हणजे रशियनसारख्या लिपीतल्या, झाल्या, एवढंच. भाजीची पिशवी घेतलेली एक बाई माझ्यापुढून ती न दिसणारी रेघ ओलांडून गेली. मी पासपोर्ट गुपचूप पर्समध्ये टाकला.

मार्च 2025 ची गोष्ट. म्युनिकच्या ऑफिसात सगळे म्हणत होते, आत्ता बोस्नियाला कशाला जातेस?

1995 च्या डेटन करारानं 1992 पासूनचं बोस्नियातलं युद्ध थांबलं. सुमारे एक लाख माणसं गेल्यावर. पण करारानं देश एक ठेवून आत दोन केले: बोस्नियाक (म्हणजे इथले मुसलमान) आणि क्रोएटांचं फेडरेशन, आणि सर्बांचं रेपुब्लिका स्रप्स्का. पूर्व सारायेव्हो या दुसऱ्यात. फेडरेशनमध्ये पुन्हा दहा कँटन, म्हणजे प्रांत. राष्ट्राध्यक्ष एक नाही, तीन. एक बोस्नियाक, एक क्रोएट, एक सर्ब, आणि दर आठ महिन्यांनी खुर्ची फिरते. या तिघांत न बसणाऱ्या ज्यूला किंवा रोमाला ती निवडणूक लढवताच येत नाही. हा भेदभाव आहे असं युरोपच्या मानवाधिकार न्यायालयानं 2009 मध्ये सांगितलं. तेव्हापासून ते घोंगडं भिजतच पडलंय. वर एक परदेशी 'उच्च प्रतिनिधी', जो कायदे लादू शकतो, निवडून आलेल्यांना काढू शकतो. आपले राज्यपाल त्याच्यापुढे अगदीच गरीब बिचारे. राष्ट्रगीताला चाल आहे, शब्द नाहीत. शब्दांवर एकमत होईना!

मला सगळ्यात आवडल्या त्या गाड्यांच्या नंबर प्लेटा. युद्धानंतर नंबरावरून गाडी कुठल्या बाजूची ते कळायचं, आणि पलीकडे जाणं जिवावरचं होतं. म्हणून 1998 पासून प्लेटांवर फक्त सात अक्षरं येतात, रोमन आणि सिरिलिक दोन्ही लिप्यांत सारखीच दिसणारी: ए, ई, जे, के, एम, ओ, टी. गाव नाही, जिल्हा नाही. एमएच 12 बघून 'पुण्याची वाटतं' म्हणणाऱ्या माझ्यासारखीला रस्त्यावर चुकल्यासारखं झालं.

मी गेले तेव्हा वातावरण तापलेलं होतं. फेब्रुवारीच्या शेवटी स्रप्स्काचे तेव्हाचे अध्यक्ष मिलोराद दोदिक यांना, उच्च प्रतिनिधीचे निर्णय धुडकावल्याबद्दल, एक वर्ष कैद आणि सहा वर्षं राजकारणबंदीची शिक्षा झाली होती. त्यावर त्यांच्या विधानसभेनं कायदाच केला, की देशाचे पोलीस आणि न्यायालयं आमच्या हद्दीत चालणार नाहीत. घटना न्यायालयानं तो स्थगित केला. युरोपियन फौजेनं जादा सैनिक मागवले.

मी राहिले त्या घराच्या मालकीणबाई युद्धात सर्ब फौजांनी सारायेव्होला घातलेल्या वेढ्याचे 1425 दिवस याच शहरात होत्या. नंतर काही वर्षं जर्मनीत, त्यामुळे आमचं बोलणं जर्मनमधून. बातम्या लागल्या की त्या आवाज बंद करायच्या आणि फक्त चित्रं बघायच्या. काही होईल असं वाटतं का, विचारलं तर म्हणाल्या, "छे! यांना फक्त आम्ही घाबरलेले हवेत." आणि मग इथलं ते पालुपद, "सामो नेक ने पुत्सा." गोळी सुटली नाही म्हणजे झालं. पेन्शन कमी पडतं? सामो नेक ने पुत्सा. पोरं जर्मनीला निघून गेली? सामो नेक ने पुत्सा. या तीन-चार शब्दांवर इथले सगळ्याच बाजूचे पुढारी जगतात असं माझं मत झालं. माणसं युद्धाला इतकी भ्यालेली, की दुसरं काही मागतच नाहीत.

रमजान चालू होता. संध्याकाळी झूता ताबिया या जुन्या बुरुजावर गेले. गवतावर पोरंटोरं, डबे, आणि कागदात गुंडाळलेले गरम सोमुन. वर कलौंजी पेरलेली फुगीर रोटी, वास थेट आपल्या नानचा. सूर्यास्ताला तोफ उडाली. छातीत धस्स झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, खाली मिनारांवर दिवे लागले, आणि शेजारच्या अनोळखी आजोबांनी खजूर माझ्या हातावर ठेवला.

एक सोमुन घरी नेला. दार उघडण्याआधीच टीव्हीचा आवाज जिन्यात ऐकू येत होता, कुठलातरी गाण्यांचा कार्यक्रम, कान किटतील इतका मोठा. मालकीणबाईंनी रिमोट घेऊन तो हळू केला.

"तोफ झाली ना?" त्यांनी विचारलं. "रोज एक मिनिट आधी मोठा करते."