रेंजफाइंडरच्या थम्ब ग्रिपवर अंगठा नेमका कुठे टेकायला हवा?

पहाटे नाशिकच्या गोदाघाटावर उजेड जेमतेम असतो. रामकुंडाच्या पायऱ्यांवर १/१५ किंवा १/३० सेकंदाला फोटो घ्यायचा, तर हात स्थिर हवा. रेंजफाइंडरची, म्हणजे लेन्समधून नव्हे तर वेगळ्या खिडकीतून बघून फोकस करायच्या कॅमेऱ्याची, बॉडी मात्र साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत. पुढे फुगवटा नाही, मागे आधार नाही. लायका एम१० ची नुसती बॉडी ६६० ग्रॅमची. ती निसटू नये म्हणून आपण तीन बोटांनी आवळून धरतो, आणि आवळलेली मूठ थोड्याच वेळात थरथरू लागते. थम्ब ग्रिप म्हणजे कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या हॉट शूमध्ये, म्हणजे फ्लॅश लावायच्या खाचेत, सरकवून बसवायचा अंगठ्याचा आधार. तिचं काम एवढंच की ही मूठ सैल पडावी.

ही अडचण डिजिटलमध्येच जास्त का? १९५४ च्या लायका एम३ पासून फिल्म पुढे सरकवायची लिव्हर अंगठ्याजवळच होती. ती किंचित बाहेर ओढली की अंगठा तिच्या आत आपोआप अडकायचा. २००६ च्या डिजिटल एम८ मध्ये लिव्हर गेली आणि अंगठ्याची खुंटीही गेली. म्हणून फिल्म कॅमेरा असेल तर आधी लिव्हरच वापरून पाहा. बहुतेकांना वेगळ्या ग्रिपची गरज पडत नाही.

निवडताना सगळे जण ग्रिप दिसते कशी हे बघतात. बघायचं असतं ते अंगठ्याचं पेर. ग्रिपचा बाक अंगठ्याच्या टोकाला नव्हे, तर मधल्या सांध्याच्या आतल्या बाजूला लागायला हवा. टोकाने ढकललं तर अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाजवळ, तासाभरात दुखायला लागतं. सांध्यापाशी अडकलं तर वजन बेचक्यात उतरतं आणि तर्जनी शटरवर मोकळी राहते.

विकत घेण्याआधी एक चाचणी करा. हॉट शूचं साधं प्लास्टिकचं कव्हर आणि मुलांच्या खेळण्यातली रंगीत क्ले घ्या. शाडू माती नको, ती वाळून भुगा होते आणि शूमध्ये शिरते. कव्हरवर सुपारीएवढा गोळा दाबून बसवा, त्याला मागच्या बाजूला बोटाएवढी रुंद शेपटी काढा आणि कव्हर शूमध्ये सरकवा. कॅमेरा डोळ्याला लावा, तर्जनी शटरवर ठेवा, बाकीची बोटं मुद्दाम सैल करा. अंगठा जिथे स्वतःहून टेकेल तिथे दाबा. पाच-दहा मिनिटं असंच वापरा, उभ्या फ्रेमसाठी कॅमेरा फिरवूनही बघा. मग क्लेमधला खळगा शूच्या उजव्या कडेपासून किती लांब आहे, किती खाली आहे आणि किती बाहेर आला आहे, हे पट्टीने मोजा. ग्रिपची मापं या तीन आकड्यांशी ताडून बघा. लहान हाताला फार बाहेर आलेली ग्रिप घेतली, तर तर्जनी शटरपर्यंत ताणून न्यावी लागते.

त्यानंतर डायल. शटर स्पीडची डायल फिरवताना नख ग्रिपला घासता कामा नये. फुजीच्या एक्स१०० मालिकेत एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनची (फोटो उजळ किंवा गडद करायची) डायल उजव्या कोपऱ्यात असते आणि ती अंगठ्यानेच फिरवतात. ग्रिपचा हात लांब असला तर नेमकी तीच झाकली जाते. डाव्या डोळ्याने बघणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. त्यांचा चेहरा कॅमेऱ्याच्या मागे येतो आणि बाहेर आलेली ग्रिप थेट उजव्या डोळ्याजवळ किंवा गालाला टोचते. त्यांना आखूड, गोल कडांची ग्रिपच बरी.

शूमध्ये बसणारा पाय साधारण साडेअठरा मिमी रुंद आणि २ मिमी जाड असतो. तो किंचित पातळ असला की ग्रिप डुगडुगते, आणि डुगडुगणारी ग्रिप नसलेलीच बरी. पायाच्या खालच्या बाजूला इन्सुलेशन टेपचा एक थर लावला की ती घट्ट बसते. शिवाय धातूचा पाय फ्लॅशच्या मधल्या पिनला टेकत नाही. टेकला तर कॅमेरा फ्लॅश लावलाय असं समजू शकतो. अॅनोडाइझ केलेल्या अॅल्युमिनियमवर विसंबू नका, कडांवरचा तो थर सरकवून सरकवून उडतो.

सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या व्हीएमसीवाल्याकडून (संगणकावर चालणाऱ्या मशीनने धातू कापून देणाऱ्याकडून) एकच नग करून घ्यायचा असेल, तर आपल्या शूची मापं व्हर्नियरने स्वतः घेऊन द्या आणि सगळ्या कडा गोल करायला सांगा. टोकदार कड टॉप प्लेटच्या रंगावर पहिल्याच आठवड्यात चरा पाडते.

ग्रिप लावली की शू अडतो. २१ मिमी लेन्ससाठी वरचा व्ह्यूफाइंडर लावणाऱ्यांनी वर शू असलेली ग्रिपच घ्यावी. लेन्स जड असेल, तर डावा हात तिच्या खाली हवाच. सगळं ओझं अंगठ्यावर टाकलं, तर ते शूच्या बारीक स्क्रूंवर जातं. कॅमेरा ग्रिपला धरून उचलू तर कधीच नका.

पावसाळ्यात आणि रंगपंचमीला रहाडीजवळ (रंगीत पाण्याच्या हौदाजवळ) फिरून आल्यावर ग्रिप काढा, शू कोरड्या ब्रशने झाडा, ग्रिपखालची फेल्ट (मऊ कापडी पट्टी) पुसा. फेल्टमध्ये अडकलेली धूळ पॉलिश पेपरसारखी घासते. ग्रिप रात्रभर वेगळीच वाळू द्या, सकाळी परत बसवा.