'व्हेंटिलेटर'मधली गर्दी

गणपती तोंडावर आले की राजेश मापुसकरांचा 'व्हेंटिलेटर' (२०१६) हा सिनेमा हटकून आठवतो. आज पुन्हा लावला. या वेळी सगळं लक्ष गर्दीवर ठेवलं.

गजूकाका कामेरकर मुंबईच्या हॉस्पिटलात व्हेंटिलेटरवर, आणि कोकणातली भावकी येऊन थडकलेली. सगळ्यांच्या पोटात गोळा एकच. काका आत्ता गेले तर दहा दिवसांचं सुतक, म्हणजे घरात गणपती बसणार नाही. विनोद सगळा इथून येतो. काळजी आणि स्वार्थ एकाच वाक्यात बोलणारी ही माणसं आपण आपल्या घरात ऐकलेली असतात, त्यामुळे हसू फुटतं आणि पुढे गळा दाटतो तेव्हा सूर बदलल्याचं जाणवतही नाही.

शंभरावर पात्रं सांभाळायची तर हात घसरतो तो ठरलेल्या जागी: आरंभी ओळखपरेड, शेवटी प्रत्येकाच्या वाट्याला एकेक रडण्याचा प्रसंग. इथे माणूस कळतो तो त्याला काय हवंय त्यावरून. नाव लक्षात राहिलं नाही तरी चालतं.

६४व्या राष्ट्रीय पुरस्कारांत या सिनेमाला दिग्दर्शन, संकलन (रामेश्वर भगत) आणि ध्वनिमिश्रण (आलोक डे) असे तीन पुरस्कार मिळाले. कौतुक अगदी नेमक्या जागी झालं. दहा जण एकदम बोलतात तेव्हा सगळे आवाज सारख्या पातळीवर ठेवले तर नुसता गलका होतो. एकच वर काढला तर बाकीचे पुतळे वाटतात. इथे हवं ते वाक्य पुढे, उरलेलं कुजबुजत मागे, आणि संकलनाचा कट बोलणाऱ्यावर जितका, तितकाच ऐकणाऱ्यावर. डोळे मिटून पाच मिनिटं ऐकावं, घर भरलेलं वाटतं.

या गलक्यात जितेंद्र जोशीचा प्रसन्ना, गजूकाकांचा मुलगा, एकटा पडतो, तो फार जिव्हारी लागतो. बापावरचा राग वर्षानुवर्षं मुरलेला आणि व्हेंटिलेटरचा निर्णय मात्र त्यानेच घ्यायचा. समोर आशुतोष गोवारीकरांचा राजा, गजूकाकांचा पुतण्या. त्याचंही बापाशी फारसं बोलणं नाही. सतीश आळेकर राजाच्या बापाच्या भूमिकेत आहेत. उत्तरार्धात बाप-लेकांबद्दल थोडं जास्त बोललं जातं. आळेकरांच्या नुसत्या बघण्यातून ते पोचलेलं असतं.