आधी वेल ओढायचे, मग बोलायचं

रेशियल हीलिंगचा, म्हणजे वंशभेदाच्या जुन्या जखमा भरून काढण्याचा कार्यक्रम म्हटलं की बऱ्याच जणांना वाटतं, खुर्च्या गोल मांडायच्या, कॉफी प्यायची, दोन-चार जण रडणार आणि मग सगळे घरी. काही ठिकाणी होतंही तेवढंच, मी बघितलंय. पण ह्या जानेवारीत ऑफिसच्या कामासाठी जो दिवस मी एका दफनभूमीत काढला त्याबद्दल लिहायचंच होतं, कारण तिथे आधी काम होतं आणि नंतर बोलणं, आणि ह्या क्रमाने केवढा फरक पडतो ते मला तिथे कळलं.

मी रिचमंडला असते, व्हर्जिनियाच्या राजधानीत. मॅपिंगच्या एका छोट्या कंपनीत जीआयएसचं काम करते. एरवी पाण्याच्या पाइपलाइनी, ड्रेनेजची झाकणं, रस्त्यावरचे खांब असलं सगळं नकाशावर टाकायचं. एमएलके डेला, म्हणजे मार्टिन ल्यूथर किंगच्या नावाने असलेल्या जानेवारीतल्या तिसऱ्या सोमवारी, कंपनीने मला टॅब्लेट आणि जीपीएस देऊन ईस्ट एंड सेमेटरीत, कृष्णवर्णीयांच्या एका जुन्या दफनभूमीत, पाठवलं. सापडेल त्या प्रत्येक थडग्याची जागा, फोटो, नाव, तारखा फॉर्ममध्ये भरायच्या आणि सफाईला येणाऱ्या लोकांना ते भरायला शिकवायचं, एवढंच काम.

ही १९८६ पासून केंद्र सरकारची सुट्टी आहे, आणि १९९४ मध्ये जॉन लुइस आणि हॅरिस वॉफर्ड ह्या खासदारांच्या प्रयत्नातून कायदा झाला की हा दिवस सेवेचा पण असावा, नुसता आरामाचा नको. व्हर्जिनियाची गोष्ट मात्र वेगळीच आहे. १९८४ ते २००० ह्या राज्यात किंगचा दिवस आणि गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या ली आणि जॅक्सन ह्या जनरलांचा दिवस एकच होता, ली-जॅक्सन-किंग डे. नंतर दोन्ही वेगळे केले, आणि ली-जॅक्सनची सुट्टी रद्द झाली ती थेट २०२० मध्ये. इथल्या लोकांशी बोलताना हे डोक्यात ठेवावं लागतं, म्हणजे साठीतला माणूस गप्प का बसतो ते समजतं.

ईस्ट एंड १८९७ ची, साधारण १६ एकर. शेजारी एव्हरग्रीन, १८९१ ची आणि बरीच मोठी. एव्हरग्रीनमध्ये मॅगी वॉकर आहेत, १९०३ मध्ये बँक काढणाऱ्या, अमेरिकेत बँकेची सनद मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री, आणि जॉन मिचेल ज्युनियर आहेत, 'रिचमंड प्लॅनेट' ह्या वर्तमानपत्राचे संपादक, ज्यांनी झुंडबळींविरुद्ध आयुष्यभर लिहिलं. गोऱ्यांच्या सेमेटरीत जागा नव्हती म्हणून ह्या लोकांनी स्वतःच्या पैशाने ह्या जागा उभ्या केल्या. पण पुढची देखभाल कोण करणार, कायमचा फंड नव्हता, मुलं-नातवंडं कामासाठी उत्तरेकडे गेली, आणि १९५० च्या दशकात जॅक्सन वॉर्ड ह्या त्यांच्या वस्तीतून हायवे काढला तेव्हा तर अख्खा समाजच विखुरला. मग जंगल वाढलं, लोक जुने टायर आणून टाकायला लागले. शहराच्या दुसऱ्या टोकाला हॉलिवूड सेमेटरीत कॉन्फेडरेट, म्हणजे गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या सैनिकांसाठी ९० फुटी दगडी पिरॅमिड १८६९ पासून उभा आहे, आणि त्या सैनिकांच्या थडग्यांसाठी राज्य सरकार कित्येक दशकं पैसे देत आलं. कृष्णवर्णीयांच्या जुन्या दफनभूम्यांसाठी तसा कायदा झाला २०१७ मध्ये. हे वाचताना कुणाला राग आला तर तो यायलाच हवा.

कामाला जानेवारीच बरा. साप नसतात, गोचिडी कमी असतात, पानगळ झालेली असते त्यामुळे जमिनीचा उतार दिसतो. आयव्ही मात्र बाराही महिने हिरवी, आमच्या वाईकडच्या डोंगरांवर घाणेरी पसरते तशी सगळं झाकून टाकते. तिचे वेल दगडावरून हिसकायचे नाहीत, नाहीतर दगडाचे पापुद्रे निघतात, मुळाशी कापायचे आणि हळूहळू सोलत आणायचे. दगड धुवायला फक्त पाणी आणि मऊ ब्रश, तारेचा ब्रश नाही, ब्लीच तर अजिबात नाही. जिथे काहीच दिसत नाही तिथे जमिनीतला लांबट खड्डा शोधायचा, बहुतेक कबरी पूर्व-पश्चिम, आणि डोक्याच्या बाजूला सळई हळूच दाबायची. दगडाला लागली की आवाज बदलतो. कुठे युक्का किंवा व्हिंकाचा जुना ताटवा दिसला तरी थांबायचं, दगड परवडत नसे तेव्हा लोक खूण म्हणून ही झाडं लावायचे.

आमच्या ओळीत सगळे मिसळलेले होते. जवळच्या चर्चचे लोक, कॉलेजची पोरं, एक सिनेगॉगवाला गट, लहान मुलं घेऊन आलेलं एक गोरं कुटुंब. ऐंशीच्या पुढच्या एक आजी होत्या, त्यांचं अर्धं कुटुंब इथे पुरलंय. त्या खुर्ची टाकून बसायच्या आणि जुना दगड वर आला की त्यावरची खूण वाचून सांगायच्या, ही सेंट ल्यूकची, म्हणजे ह्या घरातल्या बायका मॅगी वॉकरच्या मंडळात होत्या. मला म्हणाल्या, "बाळा, तुझ्या मशीनमध्ये हे लिहायला जागा आहे का?" नव्हती. मी तिथेच शेरा म्हणून वेगळा रकाना टाकला.

आणि एक गोरे गृहस्थ, सत्तरीचे, सकाळपासून एक शब्द बोलले नव्हते, नुसते टायर ओढत होते. अकराच्या सुमारास माझ्याकडे आले आणि म्हणाले, एक नाव शोधून देता येईल का. मी म्हटलं हो, आडनाव सांगा. तर आडनावच माहीत नाही. त्यांच्या आईच्या माहेरी स्वयंपाकाला एक बाई होत्या, वीस-बावीस वर्षं, आईला त्यांनीच वाढवलं, आणि अख्ख्या घरात कुणालाच त्यांचं आडनाव ठाऊक नव्हतं. इथेच कुठेतरी पुरलंय एवढं आई सांगायची. मी नुसत्या पहिल्या नावाने सर्च केला, यादी आली मोठ्ठी, तिचा काय उपयोग. त्यांनी थॅंक्यू म्हटलं आणि पुन्हा टायर ओढायला गेले.

दुपारी चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये सूप आणि कॉर्नब्रेड, आणि मग बैठक. खरा नॅशनल डे ऑफ रेशियल हीलिंग दुसऱ्या दिवशी, मंगळवारी असतो, केलॉग फाउंडेशनने २०१७ पासून सुरू केलेला, पण ह्या लोकांनी मुद्दाम सोमवारीच, चिखलाच्या बुटांनी बसायचं ठरवलं होतं. नियम सोपे, प्रत्येकाला दोन मिनिटं, मध्ये बोलायचं नाही, कुणाला उत्तर द्यायचं नाही. (इथे लिहितेय ते ज्यांचं आहे त्यांना विचारून.) रिचमंडला अशा बैठकींची जुनी सवय आहे. १९९३ मध्ये होप इन द सिटीज नावाच्या गटाने गोऱ्या-काळ्या लोकांना एकत्र घेऊन गुलामांच्या बाजाराच्या जागांवरून पायी फेरी काढली होती. ज्या चळवळीतून तो गट निघाला तिचंच केंद्र आमच्या पाचगणीत आहे, एशिया प्लॅटो, राजमोहन गांधींच्या पुढाकाराने उभं राहिलेलं. शाळेत असताना मी तिथे शिबिराला गेले होते, हे सगळं एकाच धाग्यातलं आहे हे मला इथे आल्यावर समजलं.

त्या गृहस्थांची पाळी आली तेव्हा त्यांनी तीच गोष्ट सांगितली, शेवटी म्हणाले, "त्या बाईंना आमच्या सगळ्यांचे वाढदिवस पाठ होते." नियमाप्रमाणे कुणीच काही बोललं नाही आणि ते बरंच झालं, कारण लगेच कुणीतरी असू दे असू दे केलं असतं आणि विषय तिथेच मिटला असता.

माझी पाळी नंतर. मी सांगितलं की माझ्याकडच्या अनेक गावांत अजूनही स्मशानं वेगळी आहेत, दलितांचं वेगळं, बाकीच्यांचं वेगळं, आणि ज्या बाजूला रस्ता, शेड आणि पाणी आहे त्या बाजूची मी आहे. आणि हेही सांगितलं की १८७३ मध्ये पुण्यातल्या जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. त्या हॉलमध्ये हे कुणालाच माहीत नव्हतं. आजींनी बैठक संपल्यावर माझ्याकडून नाव आणि साल लिहून घेतलं, स्पेलिंग दोनदा विचारून.

आणि मग ह्याच आजी त्या गृहस्थांच्या टेबलावर जाऊन बसल्या. मला वाटलं समजूत काढतील. तर त्यांनी थेट कामाचं विचारलं: आजोळचा पत्ता काय? साल कुठलं? बाई घरात राहायच्या की जाऊन-येऊन? गेली कित्येक वर्षं त्या स्वतःच्या माणसांचा शोध घेतायत, त्यामुळे सगळी वाट त्यांना पाठ. व्हर्जिनियात राज्याची मृत्युनोंद १८९६ ते १९१२ बंदच होती, म्हणून त्या काळातल्या माणसांसाठी दगड आणि 'प्लॅनेट'चे जुने अंक हाच मोठा आधार, पण ह्या बाई नंतरच्या, म्हणजे सर्टिफिकेट असणार आणि त्यावर कुठे पुरलं तेही असणार. घरात राहात असतील तर जनगणनेच्या पानावर त्या घराखालीच पूर्ण नावाने सापडतील.

मी लॅपटॉप उघडला. १९३० च्या पानावर त्या पत्त्यावर आजोबा, आजी, मुलं, आणि बाकी कुणी नाही. १९४० चं पान काढलं. शेवटच्या ओळीत तेच पहिलं नाव, पुढे आडनाव, वय, आणि नात्याच्या रकान्यात नोकर. गृहस्थांनी आडनाव मोठ्याने वाचलं, पुन्हा वाचलं. आजी म्हणाल्या, "हे आडनाव आमच्या चर्चमध्ये आहे. रविवारी विचारते. तुम्ही सर्टिफिकेट मागवा, त्याचे पैसे तुम्ही भरा."

ते त्यांनी मागवलंय, अजून आलेलं नाही. मी फॉर्ममध्ये आता दगड न सापडलेल्यांसाठी वेगळी यादी केलीय, पहिली नोंद त्या बाईंची, पूर्ण नावाने. पुढची सफाई फेब्रुवारीत, एव्हरग्रीनच्या हद्दीला लागून असलेल्या पट्ट्यात, तिथे अजून कुणी सळई लावलेली नाही. ते गृहस्थ येणार आहेत, आणि ह्या वेळी बहिणीलाही घेऊन येणार आहेत.