उन्हाळ्यातली बाग आणि नुसतं बघत बसणं

सोमवार

उन्हाळा लागला की मी बागेतली निम्मी कामं सरळ बंद करून टाकते. कुंड्या बदलायच्या नाहीत, खत घालायचं नाही कारण झाडं आधीच उन्हाने मेटाकुटीला आलेली असतात आणि त्यात खताचा डोस दिला की मुळं जळतातच, मोठी छाटणी नाही, आणि नर्सरीतनं नवीन रोप उचलून आणायचं नाही. शेवटचं सगळ्यात अवघड. मग उरतं काय तर पाणी, सावली आणि पालापाचोळा. बाकी वेळ मी बघण्यात घालवते. घरचे म्हणतात हिचं बागकाम म्हणजे कुंडीसमोर स्टूल टाकून बसणं, आणि खरंय ते, मी नाही म्हणतच नाही.

पाणी सकाळी ऊन चढायच्या आत. मातीत बोट खुपसायचं, पहिलं पेर कोरडं लागलं तर पाणी, नाहीतर पुढची कुंडी. दुपारी जास्वंद मान टाकते तेव्हा झारी घेऊन धावावंसं वाटतं पण धावायचं नाही, कारण कुंडीत ओल असते, फक्त पानांतून पाणी उडतं त्या वेगाने मुळांना ते ओढता येत नाही एवढंच, ऊन उतरलं की पानं आपोआप ताठ होतात. संध्याकाळीही तशीच लोंबत राहिली तर मात्र ती खरी तहान.

काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्यांना दुपारी बाहेरून हात लावून बघा कधीतरी, चटका बसतो, आणि मुळं नेमकी त्याच भिंतीला चिकटून वाढलेली असतात. मातीच्या कुंडीतनं पाणी झिरपून उडत राहतं म्हणून ती गार राहते, अर्थात पाणीही जास्त मागते. म्हणून माझ्याकडे पुढची रांग मातीच्या कुंड्यांची आणि त्यांच्या सावलीत प्लॅस्टिकच्या, सगळ्यांवर वाळक्या पानांचा दोन-तीन इंच थर आणि वरती ५० टक्के ऊन अडवणारं हिरवं शेडनेट. एवढं केलं की उन्हाळा निभतो.

मोगऱ्याला यातलं काहीच लागू नाही. त्याला ऊन हवं म्हणजे हवंच, नेटखाली सरकवला की नुसती पानं येतात. थंडी सरताना त्याला छाटून, पानं काढून जवळजवळ बोडका करून ठेवला होता, आता नव्या फुटव्याच्या प्रत्येक टोकाला कळ्या आहेत, फुलं नव्या फांदीवरच येतात ना त्याची. एक बहर संपला की मी फक्त शेंडे खुडते, तेवढ्यावर पुन्हा फुटतो. कळी दुपारभर बारीक असते, संध्याकाळी फुगते आणि अंधार पडता पडता उमलते. पांढरा रंग काय, रात्रीचा वास काय, सगळी जाहिरात पतंगांसाठी आहे, आपण मधल्यामधे खूश होतो.

बुधवार

लिंबावर अळ्या आल्या! म्हणजे गेल्या आठवड्यात ते काळं-पांढरं-पिवळसर ठिपक्यांचं फुलपाखरू कोवळ्या शेंड्यांवर क्षणभर टेकायचं, उडायचं, परत टेकायचं, तेव्हाच कळलं होतं की ही बाई अंडी घालतेय. एकेका पानावर एकेकच अंडं, मोहरीहूनही बारीक, फिकट पिवळं. आणि आज बघते तर पानांवर पक्ष्याची शीट पडलीये. शीट नाहीच ती, अळी आहे. लहान असताना तिचा काळपट रंग आणि मधे पांढरा पट्टा असा असतो की पक्ष्यांना वाटावं हे खाण्यासारखं नाही. नंतर मोठी झाली की कात टाकून हिरवीगार होते, मग पानावर बसली तर शोधून सापडत नाही.

एका मोठ्या अळीला मुद्दाम काडीने हलकेच डिवचलं (वाईट सवय आहे, माहितीये). तिने डोक्यामागून दोन फाट्यांचं केशरी-लाल शिंग फाट्कन बाहेर काढलं, आणि असा उग्र आंबट वास आला की मीच मागे सरकले. दोन-तीन सेकंदात शिंग आत, आणि ही पुन्हा पान कुरतडायला मोकळी. काठापासून सुरू करते, मधल्या शिरेपर्यंत येते, शीर ठेवते. डोकं वर-खाली वर-खाली.

आता प्रश्न असा की लिंबाचं करायचं काय. दरवर्षी कोणीतरी म्हणतंच की अगं फवार काहीतरी, सगळं झाड खातील. मोठ्या लिंबाला खाऊ दे की, शेंडे जातात आणि थोड्या दिवसांत दुप्पट फुटतात. छोटं रोप असेल तर ते मात्र खरंच बोडकं होतं, म्हणून छोट्या रोपावरच्या अळ्या मी पानासकट उचलून मोठ्या झाडावर किंवा कढीपत्त्यावर नेऊन ठेवते, लिंबू, कढीपत्ता, बेल हे सगळे एकाच कुळातले, त्यामुळे त्यांना चालतं. सगळ्यांचं फुलपाखरू होतंच असंही नाही, काही अळ्या बुलबुल नेतो, काही कोषांतून फुलपाखराऐवजी बारीकशा गांधीलमाश्या बाहेर पडतात, त्यांच्या आईने आधीच आत अंडी घातलेली असतात. मी फवारायची गरजच काय, तिथे आधीपासून माणसं कामाला लागलेली आहेत.

तसंच माव्याचं, म्हणजे रस शोषणाऱ्या त्या बारीक किड्यांचं. वालाच्या शेंड्यावर मावा धरला की मुंग्या येतात, मावा गोड चिकटा सोडतो तो त्यांना हवा असतो, आणि बदल्यात त्या माव्याची राखण करतात. पण चार दिवस कळ काढली तर लेडीबर्ड येतात आणि मावा खातात. त्यांचं पिल्लू ओळखायला शिका मात्र, काळं, लांबट, अंगावर केशरी खुणा आणि बारीक काटे, दिसायला भयंकर, आणि लोक पहिलं त्यालाच चिरडतात. मोठ्या लाल ठिपकेवाल्या बाईसाहेबांचे फोटो काढतात आणि पोरांना मारतात, असं आहे सगळं.

शुक्रवार

फळांचा दिवस. तुती पिकली, म्हणजे पिकत होती, कारण काळी झालेली एकही माझ्या हाती लागली नाही. लाल असताना ती आंबट असते म्हणून थांबावं, तर पहाटे बुलबुल, मग साळुंक्या, मग खार. खार तर दोन्ही हातांत धरून गोल गोल फिरवत खाते आणि देठ माझ्या कुंडीत टाकते. तुतीबद्दल तक्रार नाही खरंतर, तिचं फळ नव्या फुटीबरोबरच येतं, त्यामुळे बहर संपला की छाटून टाकायची, पानं काढायची, पाणी द्यायचं, पुन्हा फुटते आणि पुन्हा धरते. तेव्हा थोड्या माझ्या.

डाळिंबाचं वेगळं. फुलं गळतात म्हणून गेल्या वर्षी आईने किती जीव टाकला होता. डाळिंबाला दोन तऱ्हेची फुलं येतात, बुडाशी निमुळती होणारी घंटेसारखी ती नर, ती गळणारच, आणि बुडाशी फुगीर असतात त्यांचं फळ धरतं. खाली पडलेली गोळा करून मी तिला दाखवली, बहुतेक सगळी निमुळती. आता तिला रोज पडलेली फुलं तपासायचा नाद लागलाय, चष्मा लावून बसते, फुगीर सापडलं की मला हाक मारते. फळं धरलीत त्यांना पाणी एकसारखं द्यायचं, एकदम कोरडं आणि मग एकदम भरपूर असं झालं की साल तडकते.

आणि फळं वाचवायला झाडावर जाळी टाकू का असं विचारतात त्यांना माझं ठाम नाही. सैल, बारीक धाग्याच्या जाळीत पक्ष्यांचे पाय अडकतात, सरडे अडकतात, साप अडकतात, आणि आपण ऑफिसला गेलेलो असतो. त्यापेक्षा जी फळं आपल्याला हवीत तेवढ्यांनाच जुन्या मलमलच्या किंवा कागदाच्या पिशव्या बांधायच्या. पेरूची फळमाशी त्यानेच अडते, डाळिंब पोखरणारी अळी पण, फक्त पिशवी फळ लहान असतानाच बांधायला हवी, माशी टोचून गेल्यावर बांधली तर आत अळ्यांचीच सोय होते. न बांधलेली फळं बाकीच्यांची. रात्री वटवाघळं येऊन पेरू नेतात, सकाळी कुठेतरी लांब चोथा पडलेला दिसतो. नेऊ देत.

गुलाबाच्या पानांना कंपासने आखल्यासारखे गोल कापे पडलेत. रोग नाही, पानकापी माशी आहे, तो तुकडा गुंडाळून ती कुठल्यातरी भोकात पिल्लांसाठी खोली करते. गुलाबाला काही होत नाही.

रविवार

पाण्याच्या पसरट भांड्यात आज खडे वाढवले, पाण्याच्या वर डोकं काढणारे, नाहीतर मधमाश्या प्यायला येतात आणि बुडतात. उन्हाळ्यात त्यांना पाणी खूप लागतं, पिण्यापुरतंच नाही, पोळं थंड ठेवायला पण नेतात, आत थेंब पसरून पंखांनी वारा घालतात. भांडं रोज घासायचं आणि पाणी बदलायचं, या उकाड्यात डासाच्या अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात.

भिंतीवरच्या सरड्याचा गळा लालभडक झालाय, घरातल्या लहानांना कोणीतरी सांगून ठेवलंय की तो लांबूनच रक्त शोषतो. छे! विणीचा हंगाम आहे, माद्यांना दाखवायला आणि दुसऱ्या नरांना दटावायला रंग चढलाय, आणि तो जोर काढत असतो तोही त्यांच्यासाठीच.

पण आजची मोठी बातमी म्हणजे शेडनेटच्या तारेवर शिंजीरचं, म्हणजे फुलांतला मध पिणाऱ्या त्या इवल्या पक्ष्याचं, घरटं. मला आधी वाटलं वाऱ्याने कचरा अडकलाय, वाळकी पानं, सालींचे तुकडे, कसलासा कापूस, सगळं कोळ्याच्या जाळ्याने बांधलेलं आणि खाली काही धागे तसेच लोंबते सोडलेले. मग बाजूच्या भोकातनं एक बाकदार चोच बाहेर आली. मादी, मातकट पिवळी. बांधकाम सगळं तिचं, अंड्यांवर बसणं पण तिचंच, जांभळा चकाकणारा नर जास्वंदीवर बसून ओरडत असतो. तिथे तो फुलाच्या तोंडातनं जातच नाही, बुडाशी भोक पाडून थेट मध पितो, म्हणजे परागकण न लावताच फुकट जेवण. चोर आहे. देखणा आहे म्हणून चालतं.

अडचण एवढीच की ऊन सरकलंय आणि नेट मला पश्चिमेकडे ओढून घ्यायचं होतं, मिरच्यांना आणि टोमॅटोला दुपारी सरळ ऊन लागतंय. आता तारेला हात लावायची सोय नाही. पिल्लं उडून जाईपर्यंत मिरच्यांच्या कुंड्या मीच ओढून भिंतीच्या सावलीत नेणार, जड आहेत, कंबर बोलेल. टोमॅटो वाफ्यात आहे, तो काही हलत नाही, पण त्याची फुलं अशीही या उकाड्यात न धरताच गळतायत, तेव्हा त्याच्यासाठी कोणाचं घर पाडावं असं काही मला वाटत नाही.