सातवं कार्ड आणि पेढ्यांची उधारी

रविवारी गोल्फच्या राउंडचं सातवं कार्ड चढवलं. हँडिकॅप इंडेक्स, म्हणजे खेळाडूची पातळी सांगणारा आकडा (कमी तितका चांगला), आता 28.4. साताऱ्यातले अजून दोघं-तिघं आता खेळायला लागलेत आणि प्रत्येकजण हा इंडेक्स कसा निघतो तेच विचारतो, म्हणून सगळा हिशेब एकदाच लिहून टाकतो.

आम्ही चौघं एका गाडीत पुण्याला जातो. पहाटे साडेचारला पोवई नाका. खंबाटकीचा बोगदा मागे पडेपर्यंत कुणी तोंड उघडत नाही. तिथल्या मैदानाचं पांढऱ्या टीवरून (टी म्हणजे पहिला फटका मारायची जागा) कोर्स रेटिंग, म्हणजे कसलेल्या खेळाडूला लागावेत असे फटके, 70.4; स्लोप, म्हणजे सामान्य खेळाडूला मैदान किती जास्त अवघड जातं त्याचा आकडा, 122; पार, म्हणजे ठरवून दिलेले फटके, 72.

पहिल्या तीन कार्डांवर एकूण फटके (ग्रॉस) 108, 104, 111. असे 54 होल झाले की इंडेक्स मिळतो. ग्रॉसमधून रेटिंग वजा करायचं, 113 ने गुणायचं, स्लोपने भागायचं. हा झाला त्या राउंडचा डिफरन्शियल. 104 चा आला 31.1. तीनच कार्डं असली की त्यातल्या सगळ्यात चांगल्यातून 2 वजा होतात, म्हणून 29.1. चौथ्याला 102 लागले, 28.3 वर आलो. पाचव्याला 106, आणि इंडेक्स चढून 29.3! चूक झाली म्हणून वाद घालायच्या तयारीत होतो. चूक माझीच. चार कार्डांवर 1 वजा होतो, पाच कार्डांवर तीही सवलत जाते. पुढे 20 कार्डं झाली की शेवटच्या 20 मधल्या सर्वोत्तम 8 ची सरासरी. म्हणजे हा आकडा रोजच्या खेळाचा नाही, चांगल्या दिवसाचा आहे. वाईट कार्ड लपवून काही साधत नाही, उलट जुनं चांगलं कार्ड वीसच्या आत जास्त दिवस अडून बसतं. (मुद्दाम हँडिकॅप फुगवणारे महाभाग असतात, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.)

सहाव्या राउंडला पाण्यावरच्या पार तीनला 11 घेतले. एकूण 112. पण हँडिकॅपसाठी एका होलला नेट डबल बोगीच्या (पार अधिक दोन, अधिक हँडिकॅपमुळे त्या होलला मिळणारे सवलतीचे स्ट्रोक) वर धरत नाहीत. त्या होलला मला एकच स्ट्रोक मिळतो, म्हणून 3 अधिक 2 अधिक 1, सहा. 112 चे 107 झाले. एकट्याने खेळलेला राउंड आणि स्क्रॅम्बल (संघातल्या सगळ्यांनी मिळून एकच स्कोअर करायचा प्रकार) मात्र धरतच नाहीत.

आता सातवा. अठराव्या होलवर शेवटचा पट (होलात ढकलायचा हलका फटका) पडला, बेरीज केली, 99. पहिल्यांदा शंभराच्या आत! कार्ड सहीला पुढे केलं. आमचे मार्कर, म्हणजे स्कोअर तपासून सही करणारे, निवृत्त सुभेदारसाहेब. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, बोट चौदाव्यावर ठेवलं.

"बंकरातला, वाळूच्या खड्ड्यातला, पहिला फटका धरलास का?"

"साहेब, तो बॉलला लागलाच नव्हता."

"मारायला गेला होतास ना? मग धर."

खरंच होतं. वेज (वाळूतून बॉल काढायची काठी) वाळूच्या वरून नुसती हवेतून गेली होती, बॉल जागचा हलला नव्हता. मारायच्या इराद्याने फिरवली की फटका झालाच. सहाचे सात केले, शेजारी दोघांनी सह्या केल्या. 100. डिफरन्शियल 27.4, त्यावरून इंडेक्स 28.4. 99 असते तर इंडेक्स 27.9 झाला असता. अर्ध्या पॉइंटचा फरक.

कार्ड त्याच दिवशी चढवायचं असतं, ते आनेवाडी टोलनाक्याच्या रांगेत फोनवरून केलं. शंभराच्या आत आलो की गाडीतल्या सगळ्यांना कंदी पेढे द्यायचं ठरलंय. मागच्या सीटवरून दोघांनी विचारून पाहिलं. सुभेदारसाहेब पुढे बसून खिडकीबाहेर बघत म्हणाले, "अजून नाही."