मिनिटाला एक गचका: ६४९७ चं कोडं सुटलं

सुटलं राजेहो! तीन शनिवार-रविवार गेले यात, पण काल रात्री साडेअकराला मी बनवत असलेलं घड्याळ डायल अप, म्हणजे तोंड वर करून, ठेवलं आणि टाइमग्राफरची (टिकटिक ऐकून चाल मोजणाऱ्या यंत्राची) लाईन सरळ आली, दोन मिनिटं झाली, दहा झाली, तरी हलली नाही. लूप (डोळ्याला लावायचं भिंग) काढून ठेवला आणि नुसता त्या लाईनकडे पाहत बसलो.

मागच्या वेळी जिथं सोडलं होतं तिथून घेतो. घड्याळाचं मशीन तेच, जुनं युनिटास ६४९७-१, तासाला १८,००० बीट (टिकटिक), पूर्ण सर्व्हिस केलेलं. डायल मी पितळेच्या पत्र्यातून कापलेला, काळ्या मातीच्या रंगाचा लॅकर मारून ओव्हनमध्ये भाजलेला, आकडे देवनागरी, आजोबांच्या एचएमटी जनतावर होते तसे. उघडं मशीन २८५ अंश अ‍ॅम्प्लिट्यूडच्या (बॅलन्स व्हीलच्या झोक्याच्या) आसपास छान चालायचं. पण डायल आणि काटे बसवले की अ‍ॅम्प्लिट्यूड मधेच २३० वर पडायचा, दोन-तीन सेकंदांत परत चढायचा. हाच तो गचका. लिफ्ट अँगल (अ‍ॅम्प्लिट्यूड काढायला टाइमग्राफरला द्यावा लागणारा, प्रत्येक मशीनचा ठरलेला कोन) ४४ टाकलाय बरं का, ५२ वर तसाच ठेवला तर हेच मशीन ३३० च्या वर दाखवतं आणि माणूस उगाच खुश होतो.

आता नवतपा सुरू, बाहेर ४५, आणि घरात कूलर. पहिला संशय कूलरवरच गेला, कारण ताट्यांमधले बारीक तंतू हवेसोबत टेबलावर येऊन पडतात हे मी डोळ्यानं पाह्यलंय, असा एक तंतू व्हीलच्या दातात गेला तर खेळ खल्लास. म्हणून खोलून धुतलं, पिनियनची (छोट्या दातेरी चाकाची) प्रत्येक पाकळी पेगवुडनं (टोकदार लाकडी काडीनं) साफ केली, परत तेल दिलं, काटे न लावता मोजलं तर एकदम सरळ. काटे लावले की गचका हजर. मला वाटलं जोडताना परत कचरा जातोय, म्हणून कूलर बंद करून, दार लावून, बोटांना फिंगर कॉट (रबरी टोप्या) घालून काम केलं, कारण घामाचं बोट स्टीलला लागलं की गंज ठरलेला. असं तीनदा केलं. बायको दारातून म्हणाली, "अहो, एवढ्या उन्हात काहून बसून राहिले आत?" तिसऱ्या खेपेला माझ्याकडेही उत्तर नव्हतं.

मधे उष्णतेचाही विचार आला, तेल पातळ होऊन पसरलं असेल का. पण त्यानं अ‍ॅम्प्लिट्यूड हळूहळू बदलेल, असा गचका देऊन लगेच सावरणार नाही. हेअरस्प्रिंगचं (बॅलन्सला झुलवणाऱ्या बारीक स्प्रिंगचं) म्हणाल तर भौतिकशास्त्रज्ञ गियोमला १९२० चं नोबेल ज्या निकेल-स्टीलच्या कामासाठी मिळालं, त्याच घराण्यातल्या मिश्रधातूची ती असते, तापमानानं फार हलत नाही.

मग शेवटी घड्याळ लावून गचके मोजले. टाइमग्राफरवर सरासरीचा वेळ कमी केला, कारण तो जास्त असला की गचका सरासरीत विरून जातो. आणि आकडा आला बरोबर ६० सेकंद. दर वेळी ६०, एकही चुकला नाही. इथून गोष्ट सोपी व्हायला हवी होती. १८,००० म्हणजे सेकंदाला ५ बीट. एस्केप व्हीलला (प्रत्येक बीटला एकेक टप्पा सुटणाऱ्या चाकाला) १५ दात, एका दाताला दोन बीट, म्हणजे त्याचा एक फेरा ६ सेकंदांत. दोष तिथं असता तर गचका दर ६ सेकंदांनी आला असता. सेंटर व्हीलचा असता तर तासाला एक. मिनिटाला एक फेरा मारतं ते फोर्थ व्हील, म्हणून मी फोर्थ व्हीलच्या मागे लागलो, दात तपासले, पिव्हट (आसाची टोकं) पाह्यले, नवीन व्हील मागवलं. विक्रेत्यानं पाठवलं ते दुसऱ्याच कॅलिबरचं, परतीचं कुरिअर माझ्याच खर्चानं. दोन आठवडे गेले, आणि व्हीलमध्ये काही नव्हतंच.

कारण ६४९७ मध्ये छोटा सेकंद काटा नऊच्या बाजूला, थेट फोर्थ व्हीलच्या लांब पिव्हटवर बसतो. म्हणजे काटाही मिनिटाला एकच फेरा मारतो! हे डोक्यात आलं ते डायल डाऊन ठेवल्यावर, कारण तसं ठेवलं की गचका गायब. एंडशेकमुळे (चाकाच्या आसाला वर-खाली असलेल्या मोकळीकीमुळे) डायल वर असताना व्हील मागच्या प्लेटकडे बसतं आणि काटा डायलच्या जवळ येतो, उलटं ठेवलं की केसाएवढा दूर जातो. एवढा केसभर फरकच पुरला.

काटा काढला, डायल तिरपा धरून दिव्याखाली पाह्यला. भोकाच्या काठावर लॅकरचा एक थेंब फुगून वाळलेला, मोहरीच्या दाण्याच्या दहाव्या भागाइतका. आणि काट्याच्या नळीच्या तोंडाला, मी ती ब्लेडनं कापली होती तिथं, एक बारीक कड राहिलेली, वर्कशॉपवाले बर म्हणतात ती. ही कड फिरत फिरत त्या थेंबावर आली की घासायची. मिनिटातून एकदा. दोन्हींपैकी एकच असतं तर कदाचित काहीच झालं नसतं.

नळीचं तोंड ऑइलस्टोनवर सपाट केलं, थेंब ब्रोचनं (भोक खरवडायच्या निमुळत्या सळईनं) हळूच काढला. ब्रोच नागपूरच्या इतवारीच्या सराफ्यातून घेतलेला, सोनारांच्या वापराचा, ऑनलाइन घेतलेल्या सेटपेक्षा कितीतरी धारदार. स्क्रूड्रायव्हरला मात्र काटकसर करू नका, माझा एक स्वस्तातला ब्रिजवरून (चाकांना मागून धरणाऱ्या पट्टीवरून) घसरला आणि चरा अजून दिसतो, आता बर्जॉन कंपनीचेच वापरतो. आजचे आकडे: डायल अप २८८, डायल डाऊन २८४, क्राउन (चावी) डाऊन २५५, रेट दिवसाला +४ सेकंद, बीट एरर (दोन टिकटिकींमधला फरक) ०.२ मिलिसेकंद.

आणि हो, काटे निळे झाले! पितळेच्या चुऱ्यावर ठेवून खालून स्पिरिट लॅम्प. पिवळा, तपकिरी, जांभळा, आणि ३०० अंशांच्या आसपास तो निळा येतो, तिथून दोन सेकंद उशीर झाला की फिका पडतो. आठव्या जोडीला जमलं. तास आणि मिनिट दोन्ही एकाच छटेचे, सकाळच्या उन्हात धरून पाह्यले, काय सांगू!

पुढे ब्रिजवर पर्लाज (गोल ठिपक्यांची नक्षी) करणार होतो, पण हे टाइप करता करताच सुचलं की सेकंदाचं छोटं वर्तुळ वेगळी चकती म्हणून कापावी, लॅकर आधी भाजून घ्यावा, मधलं भोक सगळ्यात शेवटी पाडावं, आणि मग ती मागून डायलला चिकटवावी. म्हणजे भोकाच्या काठावर रंग साचायचा प्रश्नच नाही, आणि आकड्यांखाली पायरी मिळते ती वेगळीच. चिकटवण्यासाठी डाग द्यायचा तर लॅकर जळेल, म्हणून तिथं इपॉक्सी वापरून पाहीन, नाहीतर मागून दोन छोटे पाय. त्यामुळे पर्लाज पावसाळ्यात. कोणी अशी दोन तुकड्यांची डायल केली असेल तर पायांची जाडी काय ठेवली ते सांगा.

आज क्राउन अप आणि क्राउन लेफ्ट मोजायचं राहिलंय, ते झालं की केस बंद करतो.